हे इथं आलं कुठून? प्रा. आघारकर आणि बारामती-इंदापूरचा माळ

पुण्यात लॉ कॉलेज रस्त्याच्या जवळ एक संशोधन संस्था आहे. नाव आघारकर संशोधन संस्था, पत्ता गोपाळ गणेश आगरकर रस्ता. नावात 'घ', पत्त्यात 'ग'. ही संस्था 'सुधारक'वाल्या आगरकरांच्या नावानं असणार असं धरून चालणारे भरपूर लोक आहेत. त्यात पुणेकरही आले. आगरकर गेले १८९५ साली. ज्यांच्या नावानं ही संस्था आहे ते शंकर पुरुषोत्तम आघारकर तेव्हा अकरा वर्षांचेही नव्हते. ते मालवणात जन्मले, १८ नोव्हेंबर १८८४ ला, आणि पुढे वनस्पतिशास्त्रज्ञ झाले. वर्गीकरण करणाऱ्या माणसाच्या नावाचंच वर्गीकरण लोकांनी चुकवावं, हा प्रकार त्यांना गमतीचा वाटला असता की नाही कोण जाणे. एका अक्षराच्या फरकानं जात बदलते हे त्या धंद्यात रोजचंच आहे.

आमच्या इंदापूर-बारामतीकडे त्यांचं नाव कुणी घेत नाही, पण त्यांच्या संस्थेचं घेतात. रब्बीच्या आधी बियाण्याच्या दुकानात 'मॅक्सचा गहू आलाय का' असं विचारणारे शेतकरी तुम्हाला भेटतील. हे मॅक्स म्हणजे एम.ए.सी.एस., महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स. मराठीत महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी. १९४६ मध्ये पुण्यात ती उभी राहिली, आघारकर तिचे पहिले संचालक होते, आणि १९९२ मध्ये तिच्या संशोधन संस्थेला त्यांचं नाव दिलं गेलं. या संस्थेचं प्रयोगक्षेत्र बारामती तालुक्यात होळला आहे. निरेकाठचं होळ. होळकरांचं आडनाव ज्या गावावरून आलं तेच.

मी इंजिनिअरिंग केलेला, कोड लिहून पोट भरणारा माणूस. वनस्पतींशी माझा संबंध गावाकडच्या बांधापुरता. पण वर्गीकरण म्हटलं की आमच्या लोकांचे कान टवकारतात, कारण आमचंही निम्मं आयुष्य 'हे कशाखाली टाकायचं' यातच जातं. आघारकरांबद्दल वाचायला लागलो तेव्हा अपेक्षा होती की नावं ठेवणारा, यादी करणारा माणूस भेटेल. भेटला तो वेगळाच. झाडाचं नाव काय, यावर हा माणूस थांबत नव्हता. हे झाड इथं आलं कुठून आणि आलं कसं, हा त्याचा खरा प्रश्न होता. आणि आज आमच्या दोन तालुक्यांत माळावरून, तळ्यावरून, जमिनीवरून जे वाद चालू आहेत, त्यांतल्या निम्म्यांच्या मुळाशी हाच प्रश्न आहे.

आघारकर मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले आणि तिथंच शिकवूही लागले. काळ १९१० च्या आसपासचा. त्याच सुमाराला मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा पहिला मोठा, पूर्ण ग्रंथ हाताशी आला होता. 'द फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे', दोन खंड, १९०१ ते १९०८. लेखक थिओडोर कुक. हा गृहस्थ मूळचा इंजिनिअर. आयर्लंडचा. वसईच्या खाडीवरचा रेल्वेचा लोखंडी पूल बांधायला इकडे आला, मग पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचा, म्हणजे आजच्या सीओईपीचा, प्राचार्य झाला आणि जाता जाता पश्चिम भारताच्या वनस्पतींच्या नादाला लागला. (आमच्या कॉलेजात हा माणूस कुणी सांगितला असता तर सर्व्हेइंगच्या तासाला मी जास्त लक्ष दिलं असतं.) त्याचा ग्रंथ आज इंटरनेटवर फुकट वाचता येतो. मोबाइलवर उघडा आणि कुठलंही पान काढा. प्रत्येक वनस्पतीखाली ती कुठं सापडली, कुणी गोळा केली याची नोंद आणि पुढे एक उद्गारचिन्ह दिसेल. ते उद्गारचिन्ह आश्चर्याचं नाही. 'हा वाळवलेला नमुना मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे' एवढाच त्याचा अर्थ. साहेबांच्या नावांमध्येच मधूनमधून कानिटकर!, गारडे!, भिवा! अशी नावं येतात. भिवाला आडनाव नाही, पदवी नाही. पण तो डोंगर चढून गेला, त्यानं फांदी तोडून कागदात दाबली, आणि लंडनच्या क्यू बागेत बसलेल्या कुकनं ती पाहिली याचा पुरावा म्हणून एक उद्गारचिन्ह कायमचं राहिलं.

ग्रंथ उत्तमच आहे, आजही वापरतात. पण त्याची दोन वैशिष्ट्यं ध्यानात ठेवा. एक, अंतिम निवाडा लंडनला. मूळ नमुने तिकडे, तुलना तिकडे. इथल्या माणसाला आपल्या बांधावरचं गवत ओळखायचं तर आधी बोटीत बसायला हवं. आणि दुसरं, चाळताना मला जाणवलं ते असं की ठिकाणांची नावं पुन्हा पुन्हा तीच येतात. महाबळेश्वर, खंडाळा, लोणावळा, कारवारकडची जंगलं. वनस्पतीवाल्यांना घाट आवडतो. हिरवं, ओलं, नवं काहीतरी मिळेल असं. पूर्वेकडचा कोरडा माळ, म्हणजे आमचा भाग, या नकाशात फिक्या रंगाचा.

आघारकरही आधी घाटातच हिंडले. आणि गंमत म्हणजे त्यांचं नाव झालं ते झाडामुळे नाही तर जेलीफिशमुळे. सातारा जिल्ह्यात कृष्णेच्या उपनद्यांत, गोड्या पाण्यात, त्यांना एक इवलीशी जेलीफिश सापडली. १९११-१२ ची गोष्ट. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचे नेल्सन अॅनंडेल यांनी तिचं वर्णन केलं आणि नाव ठेवलं लिम्नोक्निडा इंडिका. 'नेचर'मध्ये बातमी गेली. खळबळ कशाची होती? या प्रजातीतली जेलीफिश तोवर फक्त आफ्रिकेत माहीत होती, टांगानिका सरोवर वगैरे भागात. समुद्र पार करू न शकणारा, खाऱ्या पाण्यात मरणारा हा जीव मध्ये अख्खा हिंदी महासागर सोडून सह्याद्रीच्या नदीत काय करत होता?

आज आपण शाळेतच शिकतो की भारत आणि आफ्रिका एकेकाळी जोडलेले होते. तेव्हा हे कुणी शिकवत नव्हतं. आल्फ्रेड वेगेनरनं खंड सरकतात ही कल्पना पहिल्यांदा मांडली ती जानेवारी १९१२ मध्ये, जर्मनीत, आणि पुढची कित्येक वर्षं भूगर्भवाले तिला हसत होते. एल्फिन्स्टनमधल्या पंचविशीतल्या मराठी अध्यापकाच्या बाटलीत मात्र एक पारदर्शक जीव पोहत होता, आणि त्याचं स्पष्टीकरण कुणाकडेच धड नव्हतं. माझा अंदाज असा की 'हे इथं आलं कुठून' हा प्रश्न त्यांच्या डोक्यात इथं रुतला. पुढचं सगळं पाहता तसं वाटतं.

मग कलकत्ता. सर रासबिहारी घोष या वकिलानं १९१३ मध्ये कलकत्ता विद्यापीठाला दहा लाख रुपये दिले, प्राध्यापक भारतीयच हवेत या अटीवर. त्या काळचे दहा लाख. त्यातून चार अध्यासनं निघाली. एक वनस्पतिशास्त्राचं होतं आणि त्याच्या नावातच 'शेतीच्या विशेष संदर्भात' असं जोडलेलं होतं. हे वाक्य होळपर्यंत येणार आहे, लक्षात ठेवा. कुलगुरू आशुतोष मुखर्जींनी त्या जागेवर आघारकरांना नेमलं. याच सुमाराला त्यांनी दुसऱ्या एका अध्यासनासाठी सी. व्ही. रामन नावाचा हिशेबखात्यातला अधिकारी हेरला होता. रामनना परदेशी जाऊन शिकून या म्हटलं तर ते नाही म्हणाले. आघारकर गेले. जर्मनीला. १९१४ मध्ये.

साल वाचूनच तुम्हाला कळलं असेल.

ऑगस्टमध्ये महायुद्ध पेटलं आणि ब्रिटिश साम्राज्याचा प्रजाजन म्हणून मालवणचे आघारकर बर्लिनमध्ये शत्रूपक्षाचे ठरले. नजरकैद वाट्याला आली. घोष अध्यासनावरचेच भौतिकशास्त्राचे देबेंद्रमोहन बोस तेही जर्मनीतच अडकले. घरी पत्र जाईना, पगाराचं काय ते कळेना, आणि हे एकदोन महिन्यांचं काम नव्हतं. हा सगळा अडकलेला काळ धरून आघारकर भारतात परतले ते १९२० च्या सुमाराला.

पण अडकण्यासाठी जागा चांगली निवडली होती असं म्हणावं लागेल. बर्लिनच्या डाहलेम बागेचे संचालक होते आडोल्फ एंगलर. वनस्पतींच्या साऱ्या कुळांची जी मांडणी एंगलरनी केली ती जगभरच्या कितीतरी हर्बेरियमांत कपाटं लावण्यासाठी वापरली गेली. हर्बेरियम म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचं दप्तरखाना समजा. कुठलं पाकीट कुठल्या कप्प्यात, हे एंगलरच्या क्रमानं ठरायचं. शिवाय एंगलर आफ्रिकेच्या वनस्पतींचे जाणकार. आफ्रिकी नात्याची जेलीफिश सापडलेल्या माणसाला याहून योग्य गुरू कोण?

आघारकरांनी त्यांच्याकडे डॉक्टरेट केली. प्रबंध जर्मनमध्ये, एंगलर यांच्याच नियतकालिकात १९२० साली छापला गेला. मथळा लांबलचक आहे. मराठीत सांगायचं तर 'वायव्य भारतातील रुक्ष, अर्धरुक्ष आणि खाऱ्या जमिनीतील वनस्पतींची प्रसाराची साधनं आणि त्यांचा उगम'. आता पाहा. घाटात हिंडलेला कोकणी माणूस, पण प्रबंधाला विषय घेतला कोरड्या मुलखाचा. वायव्य भारत म्हणजे सिंध-राजपुतान्याकडचा भाग, आपला माळ त्यात नाही. पण त्या मथळ्यातले दोन प्रश्न, बी कसं प्रवास करतं आणि मूळ कुठलं, आमच्या शिवारात घेऊन आलो तर सगळं चित्र वेगळं दिसायला लागतं.

कुसळच घ्या. सुप्याकडून किंवा कडबनवाडीकडून माळावरून चालत आलात की पँटच्या कडेला आणि मोज्यांत जे घुसून बसतं ते. बीच्या मागे लांब शेपूट असतं. कोरड्या हवेत ते दोरीसारखं पिळलेलं. पहिला पाऊस पडला, ओल लागली की पीळ उलगडतो आणि शेपूट गोल फिरू लागतं. टोकाला अणकुचीदार बी. ते स्क्रूसारखं जमिनीत शिरतं. टोकाजवळचे केस मागे वळलेले, म्हणून आत गेलेलं बाहेर येत नाही. मातीत, मोज्यात किंवा मेंढीच्या लोकरीत, त्याला फरक पडत नाही. धनगरांची मेंढरं पावसाळ्यात कोकणच्या वाटेनं नाही तर पूर्वेच्या माळानं जातात आणि त्यांच्या अंगावर बसून हे बी कोसच्या कोस फिरतं. आघाड्याचंही तसंच, धोतराला चिकटून येतो. सराट्याचे काटे चपलेत रुततात. रुईची म्हातारी वाऱ्यावर जाते. बाभळीच्या शेंगा शेळ्या खातात आणि लेंड्यांतून बी पुढच्या गावात पडतं. आमच्याकडे पोरांना हे सगळं माहीत असतं. फक्त त्याला कुणी ज्ञान म्हणत नाही. बर्लिनमध्ये त्याची डॉक्टरेट झाली.

आणि खारी जमीन? तीही आमचीच. १८८० च्या दशकात निरेचा डावा कालवा आला आणि बारामतीकडे पाणी खेळलं. पंचवीस वर्षांत काळ्या जमिनी फुगू लागल्या, पांढरी फूल आली, पीक जळू लागलं. पुण्याच्या शेती कॉलेजचे हॅरल्ड मान आणि ताम्हणे यांनी निरा खोऱ्यातल्या क्षारपड जमिनींवर एक पुस्तिका काढली, ती १९१० ची आहे. म्हणजे आघारकर मुंबईत नमुने गोळा करत होते तेव्हा इथं माणसानं पाणी देऊन एक नवा खारट मुलूख तयार केला होता, आणि तिथं उगवणारी झाडंही बदलत होती. तुमच्या शेताच्या चोपण तुकड्यात जे झुडूप आपोआप आलं, ते बी कुणी आणलं? हा प्रश्न तेव्हाही होता, आजही आहे.

कलकत्त्यात ते १९४६ पर्यंत राहिले. विभाग उभा करणं, मुलं शिकवणं, इंडियन सायन्स काँग्रेसचं चिटणीसपण. या काळाबद्दल मी भराभर पुढे जातो, कारण कमिट्यांचा इतिहास वाचायला कुणालाच आवडत नाही आणि मलाही लिहायला आवडत नाही. पण त्यांचे दोन शोधनिबंध थांबून बघण्यासारखे आहेत, कारण ते थेट इंदापूरला येऊन पोचतात.

पहिला १९३० चा, बॅनर्जी यांच्यासोबतचा, जलपर्णीवर. दक्षिण अमेरिकेतली ही वनस्पती तिच्या जांभळ्या फुलांमुळे शोभेची म्हणून जगभर नेली गेली आणि बंगालात तिनं नद्या, खाड्या, भातखाचरं व्यापली. नावा चालेनात. प्रकरण इतकं हाताबाहेर गेलं की १९३६ मध्ये बंगालला जलपर्णीविरोधी कायदा करावा लागला. आघारकर आणि बॅनर्जींनी अभ्यास केला तो तिच्या फलनाचा आणि बी धरण्याचा. ऐकायला किरकोळ वाटतं. पण विचार करा. जलपर्णी आडव्या फुटव्यांनी पसरते हे डोळ्यांना दिसतं, म्हणून सगळे यंत्र लावून झाडं काढतात. ती बी धरत असेल तर हिशेब वेगळा. फूल मिटलं की दांडा वाकून पाण्याखाली जातो, बोंड पाण्यातच पिकतं, आणि तळाच्या गाळात पडलेलं बी वर्षानुवर्षं जिवंत राहतं. वरून पाणी स्वच्छ दिसलं म्हणजे काम झालं असं नाही.

उजनीच्या फुगवट्यावर राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. १९८० च्या सुमाराला धरण झालं, भिगवणपासून इंदापूरपर्यंत भीमा तुंबली, पाण्याबरोबर रोहित पक्षी आले आणि पुणे-पिंपरीचं सांडपाणीही आलं. त्या सांडपाण्यावर पोसलेली जलपर्णी मासेमारांच्या जाळ्यांत अडकते. दरवर्षी ती काढण्याच्या बातम्या येतात. दरवर्षी ती पुन्हा येते. बी कुठं आहे, हा नव्वद वर्षांपूर्वीचा प्रश्न त्या बातम्यांत मला कधी दिसलेला नाही.

दुसरा निबंध १९३५ चा, 'करंट सायन्स'मधला, भादुरींसोबत. केळ्याच्या वेगवेगळ्या जातींतल्या गुणसूत्रांच्या संख्येवर. आपण खातो त्या बहुतेक केळ्यांत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असतात, म्हणून त्यांत बी नसतं आणि म्हणून कंद लावावे लागतात. इंदापूरच्या केळीवाल्यानं टिशू कल्चरची रोपं का आणायची याचं मूळ उत्तर तिथं आहे. पण माझ्या दृष्टीनं महत्त्वाचं हे की झाडाचं नातं आता फक्त पान-फूल पाहून नाही तर पेशीच्या आत डोकावूनही ठरवायला हे लोक लागले होते. एंगलरच्या कपाटापासून ही मोठी मजल होती.

तसं पाहिलं तर कुकसारखा जाडजूड 'फ्लोरा' आघारकरांच्या नावावर नाही. दर पानावर उद्गारचिन्ह उमटवणारा ग्रंथ त्यांनी लिहिला नाही. आजच्या भाषेत बोलायचं तर त्यांच्या प्रोफाइलवर आकडे कमी दिसतील. मला हे अपयश वाटत नाही. बोटीत बसल्याशिवाय आपलं गवत ओळखता येत नाही ही अडचण एका ग्रंथानं सुटणारी नव्हती. त्यासाठी इथं कपाटं हवी, त्यांत नमुने हवे, आणि ते उघडून बघणारी पगारी माणसं हवी. आणि कपाट दुसऱ्याच्या देशात ठेवणं किती धोक्याचं ते पुढे दिसलंच. ज्या बर्लिनमध्ये आघारकर शिकले तिथलं हर्बेरियम मार्च १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात जळालं. लाखो नमुने गेले, त्यांत ज्यांच्यावरून मूळ नावं ठेवली गेली असेही.

१९४६ ला ते निवृत्त झाले. वय साठीच्या पुढचं. पुण्यात आले आणि आराम करण्याऐवजी विज्ञानवर्धिनी उभी करायला घेतली. कलकत्त्यात १८७६ पासून अशा नावाची संस्था होती, रामननी आपलं काम तिथंच केलं होतं. तसंच काहीतरी महाराष्ट्रात हवं असा विचार. सुरुवात लॉ कॉलेजच्या आवारात. २ सप्टेंबर १९६० ला वारले तोवर ते संचालक होते. त्याच काळात, १९५५ मध्ये, बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडियाचं पश्चिम विभागाचं केंद्रही पुण्यात आलं. म्हणजे दहा वर्षांत या शहरात आपल्या मुलखाच्या झाडांची दोन दप्तरं झाली.

त्याचा उपयोग लगेचच दिसला. त्या केंद्राच्या शेषगिरी राव यांनी १९५६ मध्ये एका अनोळखी तणाची नोंद केली. ते पुण्यात सापडलं होतं आणि मूळ अमेरिकेचं होतं. ते म्हणजे आपलं गाजरगवत. पुढे ते अमेरिकेच्या पीएल-४८० गव्हातून आलं अशी समजूत घट्ट झाली, 'काँग्रेस गवत' हे नावही चिकटलं. नंतर लोकांनी जुन्या नोंदी उपसल्या तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्याच्या बागेच्या यादीतही ते निघालं. राजकीय शिवी सुटसुटीत असते, झाडाचा प्रवास गुंतागुंतीचा. दप्तर असल्याशिवाय तो उलगडत नाही.

आता आमचा माळ. बारामती तालुक्यात सुप्याला मयूरेश्वर अभयारण्य आहे. १९९७ चं, जेमतेम पाच चौरस किलोमीटर. तिथं चिंकारा आहेत. इंदापूर तालुक्यात कडबनवाडी, बारामतीत शिर्सुफळ, इथंही गवताळ माळ शिल्लक आहेत. लांडगा, चिंकारा, धाविक, माळटिटवी. महसुलाच्या कागदावर अशा जमिनीला शंभर-दीडशे वर्षं एकच नाव आहे, पडीक. ब्रिटिशांच्या लेखी ज्यातून शेतसारा येत नाही आणि ज्यात इमारती लाकूड नाही ती जमीन वाया गेलेली. आपण ती नोंद तशीच पुढे चालवली. पडीक म्हटलं की दोन गोष्टी होतात. वनखातं खड्डे खणून झाडं लावतं, त्यात गिरिपुष्पासारखी परदेशीही येतात. नाहीतर कुणाला तरी प्रकल्पाला जागा मिळते. दोन्हींच्या मागे गृहीत एकच, की इथं पूर्वी दाट जंगल होतं, ते माणसानं आणि मेंढरांनी खाल्लं, आणि उरलं ते हे भिकार गवत.

ते खरं आहे का? म्हणजे गवत आधी की जंगल आधी? हा शब्दशः आघारकरी प्रश्न आहे. आशीष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांनी २०२५ मध्ये त्याचं उत्तर अनपेक्षित ठिकाणी शोधलं, जुन्या मराठी साहित्यात आणि ओव्या-कथांत. पश्चिम महाराष्ट्रातल्या जागांच्या वर्णनांत कुठल्या झाडांची नावं येतात ते त्यांनी वेचलं. शेकडो वर्षांपूर्वीच्या त्या नोंदींत दाट रानाची झाडं कमी आणि मोकळ्या, काटेरी, गवताळ मुलखाची झाडं जास्त निघाली. गवत म्हणजे जंगलाचं उष्टं नव्हे, ते इथलं जुनं रहिवासी आहे असा त्याचा रोख. भिवानं फांदी दाबली तशी कुणा कवीनं ओवीत हिवर दाबून ठेवला होता.

माझं मत विचाराल तर 'पडीक' हा आमच्या तालुक्यातला सर्वांत महागात पडलेला वर्गीकरणाचा घोळ आहे. कोडमध्ये एखादी गोष्ट चुकीच्या प्रकाराखाली टाकली की पुढचं प्रत्येक फंक्शन तिच्याशी चुकीचं वागतं, आणि बिनतक्रार वागतं. इथं फंक्शन म्हणजे योजना. वेडी बाभूळ हे त्याचं जिवंत उदाहरण. मूळ मध्य-दक्षिण अमेरिकेची, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतात आणली, सरपण आणि हिरवाई म्हणून कोरड्या भागात मुद्दाम पेरली. शेळ्यांनी शेंगा खाल्ल्या आणि पुढचं काम केलं. आता ती ओढ्यानाल्यांत, तळ्यांच्या कडांना अशी माजली आहे की काढायला जेसीबी लागतो. ती कुणाला परकी वाटत नाही, कारण तिच्यासकटच आम्ही मोठे झालो. आणि पवन्या, मारवेल, डोंगरी ही माळावरची अस्सल गवतं मात्र पडीक. अलीकडे वनविभागानं कडबनवाडी आणि शिर्सुफळला गवताळ माळाची सफारी सुरू केली आहे. स्थानिक पोरं वाटाडे म्हणून काम करतात. तिथं तरी 'इथं काही नाही' असं कुणी म्हणत नाही.

राहता राहिलं होळ. निरा-बारामती रस्त्यानं गेलात तर सोरटेवाडीच्या बाजूला संस्थेचं शेत लागतं. सगळीकडे ऊस आणि मध्येच छोट्या छोट्या पट्ट्यांत आखलेला गहू, प्रत्येक पट्टीला चिठ्ठी. दुरून पाहिलं तर जमिनीवर पसरलेलं हर्बेरियमच. इथं निवडलेले आणि तपासलेले वाण पुढे देशभर गेले. एम.ए.सी.एस. ६२२२, ६४७८, शेवयांच्या-पास्त्याच्या गव्हातला ४०२८, आणि खपलीतला २९७१. खपली वर्षानुवर्षं बुटकी नव्हती, वाऱ्यानं लोळायची. २९७१ बुटका आहे. सोयाबीनही आहे, आणि सोयाबीन तर काल-परवाचा पाहुणा, गव्हापेक्षाही अलीकडचा. यातलं एकही पीक मुळात इथलं नाही. गहू पश्चिम आशियातून आला, सोयाबीन चीनकडून. कुठून आलं, कसं आलं आणि इथल्या तांबेऱ्याला, उन्हाला, पाण्याला कसं टिकतं, हे पाहत बसणं हाच त्या शेताचा धंदा.

माझे चुलते गेली काही वर्षं ६४७८ पेरतात. त्यांना मी मालवणच्या आघारकरांची, बर्लिनच्या कैदेची, जेलीफिशची गोष्ट सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, "मग ह्या मॅक्सनं हराळीवर काय काढलंय का?"